टायर संपला हे कुणी ठरवायचं?

गेल्या डिसेंबरात पुतण्याने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. मागच्या टायरच्या खाचेत एक रुपयाचं नाणं उभं खुपसलेलं, आणि खाली प्रश्न: 'काका, एक ट्रॅक-डे निघेल ना यावर?'

त्याने चारशे सीसीच्या आसपासची एक सेकंडहँड गाडी घेतली आहे. ताम्हिणी, वरंधा, महाबळेश्वर असं सगळं करून झालं, आणि आता चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर दोन दिवसांचं बुकिंग केलं होतं. गाडी ट्रकने जाणार होती, हा रेल्वेने. फी, प्रवास, भाड्याचा लेदर सूट, सगळा हिशोब जुळला होता. नवीन टायरची जोडी मात्र त्या हिशोबात नव्हती. मित्रांनी सांगितलं होतं की नाणं खाचेत बऱ्यापैकी आत जातंय म्हणजे टायर चांगला आहे.

'नाही' असं लगेच लिहून टाकता आलं असतं. पण घरातल्या वडीलमाणसाने कारण न सांगता नाही म्हटलं की त्या नकाराला फारशी किंमत राहत नाही. शिवाय माझ्या डाव्या गळपट्टीच्या हाडात एक पट्टी आहे, ती याच ट्रॅकवरून आणलेली. २०१६ साली माझ्या टायरला चांगल्या तीन मिलिमीटरच्या खाचा होत्या. टायर झिजलेला अजिबात नव्हता. तो पाच वर्षं गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीवर होता, एवढंच. दिवसाच्या पहिल्याच फेऱ्यांमध्ये एका उजव्या वळणावर गाडी माझ्याखालून निघून गेली. खाचा शाबूत राहिल्या, हाड मोडलं. प्लास्टरात असताना मी टायरांबद्दल वाचायला लागलो आणि ते वाचन अजून सुटलेलं नाही. त्यामुळे पुतण्याला म्हटलं, 'रविवारी गाडी घेऊन ये. तोवर बुकिंग रद्द करू नकोस आणि टायरही घेऊ नकोस.'

टायर किती संपला हे खाचेवरून मोजायचं, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलं आहे की ते कधीतरी सुरू झालं असेल असं वाटतच नाही. पण टायर आधी आला आणि खाच नंतर. रॉबर्ट विल्यम थॉमसनने १८४५ साली हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं, पण ते कुणी फारसं वापरलं नाही. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना स्वतंत्रपणे पुन्हा शोधली. हे सुरुवातीचे टायर गुळगुळीत होते. हवेने धक्के कमी बसावेत एवढंच त्यांचं काम होतं. आणि ते काळेही नव्हते. नैसर्गिक रबर फिकट असतं. मिशलँ कंपनीचा तो टायरांच्या वळ्यांचा गुबगुबीत माणूस पांढरा आहे, कारण १८९८ साली तो जन्मला तेव्हा टायर तशाच रंगाचे असत.

टायर काळा झाला तो काजळीमुळे. १९०४ साली लंडनजवळच्या सिल्व्हरटाउनमध्ये एस. सी. मोट यांच्या लक्षात आलं की रबरात बारीक काजळी मिसळली की ते कितीतरी चिवट होतं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ही गोष्ट टायरांच्या कारखान्यांत पोचली आणि टायरचं आयुष्य अनेक पटींनी वाढलं. माझ्या मते टायरच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी घटना, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. तोवर टायर झिजण्याआधी फाटत, कुजत, त्यांना खिळे लागत. 'झिजून संपला' असं म्हणायची वेळ यावी एवढा टायर टिकू लागला तो काजळी आल्यावर.

खाचा आल्या त्या चिखलासाठी आणि पाण्यासाठी. कोरड्या, साफ डांबरावर खाचेचा पकडीला काहीच उपयोग नाही. उलट खाचेएवढं रबर रस्त्याला टेकत नाही. पण ओल्या रस्त्यावर टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाणी शिरतं, त्याला निघायला वाट लागते. ती मिळाली नाही तर टायर पाण्यावर तरंगतो. हे नीट मोजलं विमानवाल्यांनी. नासाच्या लँग्ली केंद्रात वॉल्टर हॉर्न आणि सहकाऱ्यांनी ओल्या धावपट्टीवर चाकं पळवून १९६३ साली निष्कर्ष छापले. त्यात एक साधं सूत्र होतं: टायर तरंगायला लागण्याचा वेग त्यातल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. हवा जितकी कमी, तितक्या कमी वेगात तो पाण्यावर चढतो. पाणी किती साचलंय आणि खाच किती उरली आहे यावरही ते अवलंबून असतं. देशोदेशीच्या कायद्यांतले मिलिमीटर याच काळजीतले आहेत. ब्रिटनमध्ये मोटरसायकलला एक मिलिमीटर खाच लागते, आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुचाकीला ०.८ मिलिमीटर.

म्हणजे नाणं खाचेत घातल्यावर एका विशिष्ट प्रश्नाचं उत्तर मिळतं: पावसात रस्त्यावर हा टायर पाणी बाहेर टाकेल का? पुतण्या चेन्नईला जानेवारीत कोरड्या ट्रॅकवर जाणार होता. त्याचा प्रश्नच वेगळा होता.

हे दोन प्रश्न वेगळे झाले ते साधारण १९७४-७५च्या सुमारास, मोटरसायकलच्या शर्यतींत बिनखाचांचे स्लिक टायर आले तेव्हा. त्या आधीची काही वर्षं टायर बनवणाऱ्यांसाठी वाईट होती. साडेसातशे सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्या आल्या होत्या. त्यांची ताकद एकदम वाढली, आणि ती जमिनीपर्यंत पोचवणारे टायर मात्र आडव्या-उभ्या धाग्यांच्या जुन्या बांधणीचेच राहिले. अमेरिकेतला डेटोना हा ट्रॅक त्यांची सगळ्यात कठीण परीक्षा घेत असे. तिथल्या तिरक्या भिंतीसारख्या वळणांना ३१ अंशांचा उतार आहे. पूर्ण वेगात त्यावर चढलं की गाडीचं वजन जणू वाढतं, टायर खाली दाबला जातो, आणि त्याच वेळी चाकाच्या गतीने तो बाहेर फुगू पाहतो. दर फेरीला हेच.

१९७५ साली डेटोना २०० शर्यतीच्या सरावात बॅरी शीन तिथे सुझुकीवर ताशी सुमारे २८० किलोमीटरने जात होता. मागचा टायर फुटला आणि चाक अडकलं, अशीच त्या अपघाताची हकीगत सांगितली जाते. मांडीचं हाड, हात, गळपट्टी, बरगड्या, सगळं मोडलं. तेव्हा त्याच्यावर एक माहितीपट चालला होता, त्यामुळे त्या दिवसाचं चित्रण राहिलं. शीन सात आठवड्यांत पुन्हा गाडीवर बसला आणि पुढे १९७६ आणि १९७७ साली ५०० सीसीचा जगज्जेता झाला, म्हणून ही गोष्ट शौर्यकथा म्हणून सांगितली जाते. मला ती टायरची गोष्ट वाटते. या अपघाताचा खाचांशी काही संबंध नव्हता. जे तुटलं ते रबराच्या आत होतं.

आणि पुढच्याच वर्षी, त्याच डेटोनात, व्हेनेझुएलाचा विशीतला जॉनी सेकोटो २०० मैल पळून जिंकला तेव्हा त्याच्या मागच्या टायरचं रबर आतल्या धाग्यांपर्यंत खाल्लं गेलं होतं. धागे दिसणारा टायर आपल्याकडचा रिक्षावालासुद्धा बदलतो. पण तो टायर शेवटपर्यंत टिकला. या दोन वर्षांच्या दोन टायरांवरून 'डोळ्यांना दिसणारी झीज' या पुराव्याला किती किंमत द्यायची ते ज्याने त्याने ठरवावं.

डोळ्यांना काहीतरी दिसतं, हेही खरं. ते वाचायला शिकवलं अडोल्फ शालामाख या शास्त्रज्ञाने. इंग्लंडमधल्या रबर-उत्पादकांच्या संशोधन संस्थेत तो आयुष्यभर एकाच गोष्टीच्या मागे होता: रबर घासलं जातं म्हणजे नेमकं काय होतं? १९५०च्या दशकात त्याने दाखवलं की घासलेल्या रबरावर करवतीच्या दात्यांसारख्या बारीक लाटा उठतात, घसरण्याच्या दिशेला आडव्या. म्हणजे रबर झिजताना आपण कुठल्या बाजूला ओढले गेलो याची नोंद ठेवतं. आज ट्रॅकवर पिटमध्ये गुडघ्यावर बसून टायरवर बोट फिरवणारा मेकॅनिक जे वाचत असतो, ते हेच. लाटा बारीक आणि सारख्या असतील तर ठीक. रबर फाटल्यासारखं, कडा वर आलेलं दिसलं की हवेचा दाब, तापमान किंवा सस्पेन्शन यांपैकी काहीतरी बिनसलं आहे.

त्याच संस्थेतल्या के. ए. ग्रॉशने १९६३ साली पकडीचं कोडं बरंचसं सोडवलं. त्याने रबराचे तुकडे काचेवर आणि खरखरीत कार्बोरंडमवर अगदी गोगलगायीच्या वेगाने घसरवले, म्हणजे घर्षणाने रबर तापू नये. तापमान मात्र तो स्वतः बदलत राहिला, शून्याखालपासून चांगलं गरम होईपर्यंत. त्यातून दिसलं की रबराची पकड दोन गोष्टींतून येते. एक, पृष्ठभागाला चिकटणं. दोन, खडबडीतपणावर रबर दबतं, मुरडतं आणि त्यात ऊर्जा गमावतं. आणि दोन्ही गोष्टी वेगावर आणि तापमानावर एका ठरावीक रीतीने अवलंबून असतात, इतक्या की एकाची भरपाई दुसऱ्याने करता येते. कोळशावर धरलेल्या पापडासारखं हे आहे: थंडीत तो कडक, नीट तापला की फुलतो, जास्त तापला की करपतो. प्रत्येक रबराची आपली खिडकी असते. माझा २०१६चा टायर त्या खिडकीच्या बाहेर, थंड बाजूला होता. वर्षानुवर्षं पडून त्यातली तेलं उडाली होती, रबर कडक झालं होतं, आणि ते कामाच्या तापमानाला पोचायच्या आत मी गाडी झुकवली.

इथे एक गंमत सांगायला हवी, कारण पुतण्याने ती कुठेतरी ऐकली होती आणि माझ्यावर वापरली. 'काका, रेसर लोक तर मुद्दाम टायर तासून पातळ करतात.' खरं आहे. रस्त्यावरच्याच टायरवर पळण्याचा नियम असलेल्या शर्यतींत नव्या टायरचं रबर तासून खाचा उथळ करायची पद्धत होती. खोल खाचांमधले रबराचे उंच ठोकळे वळणात लपलपतात, त्यातून उष्णता वाढते, ठोकळ्यांचे तुकडे निघतात. पातळ रबर स्थिर राहतं. म्हणजे कोरड्या ट्रॅकवर कमी खाचेचा टायर जास्त खाचेच्या टायरपेक्षा चांगला असू शकतो. पण तो सुरीने पातळ केलेला असतो. त्याचं रबर ताजं असतं, गोलाई सारखी असते. नऊ हजार किलोमीटर पुणे-बंगळूर हायवेवर पळून पातळ झालेला टायर मधोमध सपाट झालेला असतो. गाडी झुकवताना त्या सपाट भागाची कड ओलांडावी लागते, आणि तिथे गाडी आधी अडते, मग धपकन पडल्यासारखी झुकते. दोघांच्या खाचा मोजल्या तर आकडा सारखाच येईल.

मग टायर ज्यांनी बनवला ते तरी खात्रीने सांगू शकतात का? मला वाटायचं, हो. २० ऑक्टोबर २०१३ची ऑस्ट्रेलियन ग्रां प्री पाहिल्यावर तो समज गेला. फिलिप आयलंडच्या ट्रॅकवर नवं डांबर पडलं होतं. हा ट्रॅक घड्याळाच्या उलट दिशेने जातो, लांब, वेगवान डावी वळणं एकामागून एक येतात. नव्या डांबराची पकड जबरदस्त होती, म्हणून टायरची डावी बाजू कल्पनेपलीकडे तापायला लागली. सरावानंतर उतरवलेल्या टायरच्या रबरात फोड आले होते. ब्रिजस्टोन ही मोटोजीपीची एकमेव पुरवठादार कंपनी, जगातली सगळ्यात मोठ्या टायर कंपन्यांपैकी एक. तिच्या अभियंत्यांनी शनिवारी सांगितलं, एक टायर चौदा फेऱ्यांपेक्षा जास्त चालवू नका. रविवारी सकाळी तो आकडा दहावर आला. शर्यत सत्तावीस फेऱ्यांची होती ती एकोणीसची केली, आणि मधे गाडी बदलणं सक्तीचं झालं. ट्रॅकची लांबी साडेचार किलोमीटरला थोडी कमी. म्हणजे एका टायरचं आयुष्य सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. आपल्याकडे तेवढ्यात पुण्याहून लोणावळासुद्धा येत नाही.

त्या दिवशी मार्क मार्केझ एक फेरी उशिरा पिटमध्ये आला. त्याच्या संघाने नियमाचा हिशोब चुकवला होता. त्याला काळा झेंडा दाखवला गेला, लोरेंझो जिंकला, आणि मार्केझची ४३ गुणांची आघाडी १८वर आली. तेव्हा अनेकांनी आयोजकांची खिल्ली उडवली: एक फेरी जास्त मारली तर काय टायर फुटणार होता? त्याचा टायर फुटला नाही, हे खरंच. पण मला त्या दहाच्या आकड्याबद्दल आदर वाटतो. 'आम्हाला यापुढचं माहीत नाही' हे इतक्या स्पष्ट शब्दांत, लाखो प्रेक्षकांसमोर, स्वतःच्या मालाबद्दल कोण सांगतं? अडीच वर्षांनी अर्जेंटिनात स्कॉट रेडिंगच्या मागच्या टायरचं रबर सरावात धावत्या गाडीवरून सुटून गेलं, तेव्हा मिशलँचा टायर होता, आणि पुन्हा तेच करावं लागलं: लहान शर्यत, मधे गाडी बदल.

सगळ्यात न दिसणारी गोष्ट म्हणजे हवा. मोटोजीपीत आता पुढच्या टायरचा किमान दाब ठरवून दिलेला आहे, २०२३पासून तो सेन्सरने पाहिला जातो आणि कमी भरला तर शिक्षा होते. २०२५च्या थायलंडच्या शर्यतीत पहिल्या क्रमांकावर असलेल्या मार्केझने मुद्दाम वेग कमी करून धाकट्या भावाला, अलेक्सला, पुढे जाऊ दिलं. त्याच्या मागे गरम हवेत राहून आपला टायर तापावा आणि दाब नियमात यावा म्हणून. शेवटी पुन्हा पुढे जाऊन जिंकलाही. टायरवर बोट फिरवून हे कधीच कळलं नसतं.

रविवारी पुतण्या आला. आम्ही गाडी घेऊन आमच्या कोपऱ्यावरच्या अण्णाकडे गेलो. अण्णा मूळचे केरळचे, कोट्टायमच्या बाजूचे. जिथे रबराची झाडं आहेत तिथून येऊन आमच्याकडे तीस वर्षं पंक्चर काढतात. मी काही बोलायच्या आत त्यांनी गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चाक फिरवलं.

"साहेब, हा हायवेचा टायर आहे. मधे बघा, सपाट झालाय."

पुतण्याने नाणं दाखवलं. अण्णांनी नाण्याकडे पाहिलंच नाही. कडेवरची चार अंकांची तारीख त्यांनी ओल्या फडक्याने पुसून वाचली: १४१९. म्हणजे २०१९ सालचा चौदावा आठवडा. गाडी त्याने २०२३मध्ये घेतली होती, त्यामुळे आधीच्या मालकाकडे ती किती काळ उन्हात उभी होती कुणास ठाऊक. अण्णांनी कडेच्या रबरात नख रुतवून पाहिलं, मग मधे. माझ्याकडे कडकपणा मोजायचं छोटं यंत्र होतं, ते मी खिशातून काढलं नाही. नखाने जे सांगितलं ते पुरेसं होतं, आणि शिवाय अण्णांसमोर ते दाखवायला मला लाज वाटली.

मग त्यांचं बोट एका जागी थांबलं. मधल्या भागापासून जरा बाजूला, खाचेत, रबराचा एक गोळा दिसत होता.

"हे कधी काढलं पंक्चर?"

पुतण्या गप्प. मग म्हणाला, "सप्टेंबरमध्ये. खंबाटकीच्या पुढे. वात घालून दिली त्याने. काका, त्यानंतर एकदाही हवा गेली नाही."

"रस्त्यावर चालेल," अण्णा म्हणाले. "तिकडे गोल गोल फिरणार तू, तिकडे नाही."

चेन्नईच्या तपासनीसानेही तो टायर पाहून गाडी परत पाठवली असती, हे मला माहीत होतं. पण ते मी पुतण्याला सांगितलं नाही, कारण तपासनीसाची नजर चुकूही शकते आणि मग हा त्यावर बसला असता. अण्णांनी टायर उतरवून उलटा केला आणि उजेडाकडे धरला. आतून ती वात शेपटीसारखी लोंबत होती, आणि तिच्या भोवती आतल्या अस्तराला नखाएवढी चीर गेली होती. त्यातून एक धागा दिसत होता. पुतण्याने तो धागा बोटाने चाचपला. बाहेरून पाहिला तर त्याच जागी खाच दोन मिलिमीटरच्या वर होती, आणि नाणं अजूनही तिच्यात उभं राहत होतं.

नव्या जोडीचे पैसे अर्धे मी दिले. ते दोन दिवस तो पडला नाही. तिसऱ्या सत्रात फार घाई करतोय म्हणून प्रशिक्षकाने त्याला झापलं, एवढंच त्याने फोनवर सांगितलं.

जुना मागचा टायर अण्णांनी ठेवून घेतला. आता तो त्यांच्या दुकानासमोर कडुलिंबाला टांगलेला आहे आणि त्याच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलं आहे: 'पंक्चर'.